कपडा अंगावर टिकतो कसा? कागदी बाहुल्या ओळखायच्या, जमवायच्या आणि जपायच्या कशा

जुन्या कागदी बाहुलीचा संच समोर आला की बहुतेक लोक आधी तिचा चेहरा बघतात. मी एखादा कपडा उचलते आणि उलटा करते. खांद्यावर दुमडायच्या पट्ट्या आहेत का, मागे खिसा चिकटवलाय का, पुढची आणि मागची बाजू खांद्याशी जोडलेली आहे का, की यातलं काहीच नाही, कपडा चिकटवायला लावलेल्या मेणाचा नुसता जुना डाग आहे? कागदाचा कपडा कागदाच्या अंगावर टिकवायचा कसा, हा या खेळण्यापुढचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न. दोनशेहून जास्त वर्षांत त्याला जी उत्तरं मिळत गेली, त्यांवरून संच साधारण कुठल्या काळातला असावा याचा पहिला अंदाज येतो. चेहरा पुष्कळदा फसवतो, कारण जुने गोड चेहरे पुन्हापुन्हा छापले जातात.

दुसरी गोष्टही सुरुवातीलाच सांगते, कारण पुढच्या सगळ्या सल्ल्यांचं मूळ तिच्यात आहे. कागदी बाहुली दुकानातून घरी येते तेव्हा ती खेळणं नसते, छापील ताव असते. कात्री लागली की तिचं खेळणं होतं, आणि त्याच क्षणी संग्राहकांच्या बाजारात तिची किंमत उतरते. न कापलेल्या संचाच्या मानाने कापलेला, पण पूर्ण आणि नीट संच ढोबळमानाने निम्म्या किमतीला जातो. नव्या माणसाने या हिशेबाला भुलू नये. न कापलेला ताव छपाईबद्दल सांगतो. कापलेला संच त्याशिवाय कुणाच्या तरी हाताबद्दलही सांगतो.

पायरी पहिली: खांदे वाचायला शिका

सर्वात आधी एक सख्खं नसलेलं नातं बाजूला काढू. अठराव्या शतकाच्या मध्यात पॅरिसमध्ये ‘पँतँ’ नावाच्या आकृत्यांचं वेड पसरलं होतं. हातपाय सुटे, मागे दोरा, दोरा ओढला की आकृती नाचते. एडमाँ बार्बिए या वकिलाने १७४७ मध्ये आपल्या रोजनिशीत या मोठ्या माणसांच्या पोरखेळाची नोंद केली आहे. तावावर छापलेलं चित्र कापून खेळणं करायचं, ही सवय इथे दिसते, पण पँतँला बदलायला कपडे नाहीत. म्हणून मी त्याला चुलत भाऊ मानते. जपानमधली ‘अनेसामा’ ही घडी घातलेल्या कागदाची बाहुलीही अशीच नात्यातली. तिचा सगळा थाट केशरचनेत आणि किमोनोच्या पाठीत, चेहरा मात्र कोराच.

कपडे बदलणारी बाहुली १७९१ मध्ये एका जर्मन फॅशन मासिकात भेटते. लंडनहून आलेली ‘इंग्लिश बाहुली’ म्हणून तिथे तिचं वर्णन आहे. सुमारे आठ इंच उंचीची, पुठ्ठ्याची, सोबत कापलेल्या कपड्यांचा आणि केशरचनांचा साठा. तिची तऱ्हा फॅशनच्या चित्राशी जुळणारी होती. नवे कपडे कसे दिसतात हे मोठ्या बायकांनी बघावं आणि मुलींनी खेळावं, अशी दोन्ही कामं ती करत होती.

पुस्तकासोबत छापून विकलेली पहिली नावाजलेली बाहुली १८१० ची. लंडनच्या रॅथबोन प्लेसमध्ये एस. अँड जे. फुलर यांचं ‘टेंपल ऑफ फॅन्सी’ नावाचं दुकान होतं. त्यांनी फॅनी नावाच्या मुलीची गोष्ट काढली. छोटं पद्यमय पुस्तक, हाताने रंगवून कापलेल्या आकृत्या, आणि डोकं एकच, सुटं. मान खाली निमुळती होत जाते, ती प्रत्येक आकृतीच्या मागच्या खिशात सरकवायची आणि पुढचं पान वाचायचं. गोष्टीतली फॅनी कपड्यांच्या हौसेपायी वाईट दिवस बघते आणि शेवटी सुधारून घरी येते. कपडे बदलायचं खेळणं विकायचं आणि त्याच पाकिटातून कपड्यांच्या हौसेबद्दल कानउघाडणीही करायची, या प्रकाशकांची मला गंमत वाटते. त्याच वर्षी फुलरनी हेन्री नावाच्या मुलाचीही गोष्ट काढली आणि १८१२ मध्ये जे. बेल्चर यांनी ती अमेरिकेत, बॉस्टनमध्ये छापली.

संग्राहकासाठी यातला धडा साधा आहे. अशा संचात पहिल्यांदा डोकं मोजा. ते एकच असतं, बोटभर असतं, आणि हरवलं की उरलेले सगळे कपडे बिनडोक.

पुढची तऱ्हा डोक्यावरून घालायच्या कपड्यांची. पुढची आणि मागची अशा दोन बाजू खांद्याशी जोडलेल्या, मधे गळ्याला फट, आणि बाहुलीही दोन्ही बाजूंनी रंगवलेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे चांगले संच पुष्कळदा असे असतात. मारी ताल्योनीसारख्या नर्तिका आणि जेनी लिंडसारख्या गायिका या काळात पेटीबंद कागदी बाहुल्या होऊन घरोघर गेल्या. यातल्या छपाईच्या रेघा काळ्या आणि रंग बहुधा हाताने भरलेला असतो. तो रेघेबाहेर थोडा सांडलेला असला तर दोष समजू नका, ती ओळखीची खूण आहे.

याच सुमाराला न्यू यॉर्कच्या मॅक्लॉक्लिन ब्रदर्सनी बाहुल्या स्वस्त केल्या. १८२८ मध्ये सुरू झालेल्या या घराण्याने पाच-दहा सेंटांत मिळणारे संच भराभर काढले, १९२० मध्ये मिल्टन ब्रॅडलीने ही कंपनी विकत घेतली. अमेरिकन मासिकांमध्ये पहिलं पाऊल ‘गोडीज लेडीज बुक’चं. त्यांनी नोव्हेंबर १८५९ मध्ये बाहुली छापली, काळ्यापांढऱ्यात, आणि कपडे मुलांनी रंगवायचे. तुमच्या हाती असं पान रंगवलेलं आलं तर नाक मुरडू नका. ते रंगवण्यासाठीच होतं.

मग रंगीत लिथो छपाई आली आणि सगळं पालटलं. अनेक दगडांवरून एकावर एक रंग चढवून काढलेल्या या चित्रांना जी तुकतुकी आहे ती नंतरच्या छपाईत पुन्हा आली नाही, निदान माझ्या डोळ्यांना तरी. लंडनच्या रॅफेल टक अँड सन्स या कंपनीच्या १८९० च्या दशकातल्या बाहुल्या बघा. कित्येक कपड्यांच्या मागे गळ्याशी अशी सोय असते की बाहुलीची मान त्यात अडकते. टकचं मुख्य कार्यालय २९ डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळालं आणि कंपनीची मूळ चित्रं आणि नोंदी त्याबरोबर गेल्या. म्हणून टकच्या मालाच्या याद्या आज मिळालेल्या वस्तूंवरूनच उलट्या बांधाव्या लागतात.

स्वस्त रंगीत छपाईचा फायदा जाहिरातदारांनीही घेतला. कॉफी, शिवणाचा दोरा, चॉकलेट, शिलाई मशीन, औषधी काढे, प्रत्येकाच्या पाकिटातून बाहुल्या बाहेर पडू लागल्या. यांचे कपडे पुष्कळदा दुमडून उभे राहणारे, मागे जाहिरातीचा मजकूर. नवशिक्याने इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे. त्या लहान असतात, पुष्कळ छापल्या गेल्या, आणि पाठीवर कंपनीचं नाव असल्याने ओळख सोपी.

ज्या पट्ट्या आज आपण कागदी बाहुलीशी जोडतो, खांद्यावरच्या आणि कमरेच्या, मागे दुमडायच्या, त्यांना मी ‘कान’ म्हणते. हे कान आधीही दिसतात, पण त्यांचं राज्य मासिकांनी आणलं. कारण उघड आहे: मासिकाच्या पानाची दुसरी बाजू मजकुराने भरलेली असते, मग कपड्याला पाठ आणायची कुठून? एकाच बाजूने छापून काम भागवायचं तर कान हाच उपाय. ‘लेडीज होम जर्नल’मध्ये शीला यंग यांची लेटी लेन १९०८ पासून आणि पुढे बेटी बॉनेट आली. ग्रेस ड्रेटन यांची डॉली डिंगल ‘पिक्टोरियल रिव्ह्यू’मध्ये १९१३ ते १९३३ अशी वीस वर्षं टिकली. ‘मॅकॉल्स’मध्ये बेट्सी मॅकॉल मे १९५१ पासून दिसू लागली. पण नियमाला अपवादही हवेतच. रोझ ओनील यांनी १९१२ च्या सुमाराला आपल्या क्यूपी नावाच्या गुबगुबीत बाळबाहुल्यांना पुढची-मागची अशा दोन्ही बाजू दिल्या. म्हणून नुसत्या खांद्यावरून तारीख ठरवू नका, दिशा ठरवा.

१९३० ते १९५० च्या दशकांत जाड पुठ्ठ्याच्या मुखपृष्ठावर बाहुली आणि आत पातळ कागदावर कपडे, अशी मोठ्या आकाराची पुस्तकं निघाली. बाहुलीभोवती टोचे, म्हणजे ती दाबून सुटी करायची. कपड्यांना मात्र कात्री. अक्रनची सालफील्ड, रसीनची व्हिटमन, शिकागोची मेरिल, केनोशाची लो ही त्यातली मोठी नावं. मंदीत आणि युद्धकाळात थोड्या पैशांत तास न् तास जातील असं दुसरं खेळणं कुठलं होतं? सालफील्डने १९३४ मध्ये बालतारका शर्ली टेंपलची बाहुली काढली आणि चित्रपटातले चेहरे कागदावर उतरायला लागले. सालफील्डचे जुने कागद आज ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात आहेत.

कॉमिक्समधला भाग मला सर्वात आवडतो. बिल वॉगन यांनी १९४५ मध्ये केटी कीन ही कॉमिक्सची नायिका आणली, आणि वाचक मुलंमुली तिच्यासाठी कपडे काढून पाठवू लागली. छापताना पाठवणाऱ्याचं नाव शेजारी. जॅकी ऑर्म्स या अमेरिकेतल्या वृत्तपत्रांतल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री व्यंगचित्रकार. त्यांनी १९५० ते १९५४ या काळात ‘पिट्सबर्ग कुरियर’मधल्या आपल्या चित्रकथेत, तिची नायिका टॉर्ची हिच्यासोबत, ‘टॉर्ची टॉग्ज’ ही बाहुली दिली. डौलदार, स्वतःच्या मतांची कृष्णवर्णीय तरुणी त्या वेळी छापील कागदावर क्वचितच दिसे. वर्तमानपत्राचा कागद ठिसूळ असल्याने हे तुकडे फार थोडे उरले आहेत. दिसले तर हातचे जाऊ देऊ नका.

पुढे कागदी बाहुल्यांना उतरण लागली, आणि त्याचं एक कारण या खेळण्याच्या पोटातूनच निघालं. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीच्या सहसंस्थापक रूथ हँडलर यांनी आपली मुलगी बार्बरा मोठ्या बायकांच्या कागदी बाहुल्यांशी खेळताना पाहिली आणि हाच खेळ घडीव बाहुलीत आणता येईल असं त्यांना वाटलं. ९ मार्च १९५९ ला बार्बी बाजारात आली. त्यात टीव्ही. पुढे १९७६ मध्ये टॉम टिअर्नी या फॅशन चित्रकाराने जुन्या चित्रपटतारकांच्या बाहुल्यांचं पुस्तक काढलं. मुळात ती त्याने आपल्या आईला नाताळची भेट म्हणून रंगवलेली चित्रं होती. त्यानंतर डोव्हर प्रकाशनासाठी त्याने शेकडो पुस्तकं केली. आज मोठ्यांनी मोठ्यांसाठी काढलेल्या बाहुल्यांचा जो प्रवाह आहे, तो बराचसा तिथून सुरू होतो.

पायरी दुसरी: एक धागा पकडा

सगळंच जमवायला निघाल तर वर्षभरात खोकी भरतील आणि मन उडेल. एक धागा धरा. एकच चित्रकार, एकच मासिक, नुसत्या जाहिरातींच्या बाहुल्या, नुसत्या नर्तकी, पुरुष बाहुल्या (या नेहमीच कमी असतात), किंवा एकाच दशकातला पेहराव. मासिकांची मालिका निवडली तर एक सोय होते: अंक आणि महिना ठरलेला असल्याने आपल्याकडे काय नाही हे नेमकं कळतं.

आणि घरगुती बाहुल्या विसरू नका. कुणीतरी पुठ्ठ्यावर काढलेली, भिंतीच्या कागदातून किंवा मालाच्या सूचिपत्रातून कपडे कापलेली, मागे पेन्सिलीने नावं लिहिलेली: लग्नाचा झगा, पावसाचा कोट, ‘हा नाटकाचा’. बाजारात यांना अजूनही फारसं कुणी विचारत नाही, कारण यादीत बसत नाहीत. पण प्रत्येक संच जगात एकच असतो. मला स्वतःला निवडायला सांगितलं तर छापील दहा संच देऊन असा एक घेईन.

घेण्याआधी डोळ्यांना सवय करायची तर संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर बसा. डेलावेअरमधल्या विंटरथर ग्रंथालयातला मॅक्सीन वॉल्ड्रन यांचा संग्रह आणि रॉचेस्टरचं स्ट्राँग खेळ-संग्रहालय या दोन जागा पुरेशा आहेत.

पायरी तिसरी: घेण्याआधीची तपासणी

फोटोवरून घेत असाल तर विकणाऱ्याकडे तीन फोटो मागा: सगळे तुकडे पसरून समोरून, तेच उलटे करून, आणि मानेचा जवळून. मान ही बाहुलीची सर्वात दुबळी जागा. खेळताना ती वाकते, मोडते, आणि कुणीतरी मागे चिकटपट्टी लावतं. समोरून ती दिसत नाही.

मग कान मोजा. बारकाईने कापलेल्या संचातसुद्धा एखाद्या टोपीचा कान गेलेला असतो. कान गेला तर किंमत उतरते, हे ठीक. पण कान मुद्दाम कापलेले असले तर जरा थांबा. काही मुलं कान कापून कपडे वहीत चिकटवत. तसा संच खेळण्यापेक्षा चिकटवहीचा भाग असतो आणि मागे डिंकाचे डाग सापडतात.

कात्रीची रेघही बघा. काळ्या बाहेरच्या रेघेवरून सुरळीत गेलेली कात्री मोठ्या माणसाची किंवा सरावलेल्या मुलीची. पांढरी किनार ठेवून कापलेलं पुष्कळदा घाईचं, पण त्याने चित्र वाचतं. बोटं आणि टाचा उडालेल्या असतील तर कापणारा फार लहान होता. एकाच संचात दोन तऱ्हांची कात्री दिसली तर दोन संच एकत्र केले गेले असण्याची शक्यता धरा. ते वाईट नाही, पण ‘मूळ पूर्ण संच’ म्हणून पैसे देऊ नका.

न कापलेल्या पुस्तकात पानं मोजा, मुखपृष्ठाला जोडलेली बाहुली आतून टोच्यांवर फाटली आहे का बघा, आणि मधली पिनांची जागा गंजली आहे का तेही.

पायरी चौथी: अस्सल की पुनर्मुद्रण?

पुनर्मुद्रण करणं गैर नाही, मीही ती घेते. गैर आहे ते जुन्याच्या भावात विकणं. यासाठी तीन साधनं लागतात: दहापट दाखवणारं भिंग, छोटा अतिनील दिवा, आणि थोडा संयम.

भिंगाखाली गाल बघा. जुन्या रंगीत लिथोत ठिपके असतात, पण ते वेडेवाकडे, लहानमोठे, माणसाच्या हाताने टाकल्यासारखे. आधुनिक चाररंगी छपाईत ठिपके शिस्तीत असतात, जाळीत बसवलेले, कधी फुलाच्या आकारात. ‘१८९० ची’ म्हणून विकली जाणारी बाहुली जाळीदार ठिपक्यांची असेल तर ती जुन्या बाहुलीच्या फोटोवरून छापलेली आहे. घरगुती प्रिंटरचे तर फवाऱ्यासारखे बारीक तुषार दिसतात.

अंधारात अतिनील दिवा धरा. साधारण १९५० नंतर कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्यं घालू लागले. असा कागद या दिव्याखाली निळसर पांढरा झळकतो. शतकापूर्वीचा म्हणवणारा कागद असा झळकला तर व्यवहार तिथेच संपवा. उलट न झळकणारा कागद जुनाच असेल असं नाही, आजही असे कागद मिळतात. म्हणजे ही परीक्षा नापास करू शकते, पास करू शकत नाही.

मजकूरही बोलतो. अमेरिकेत आयात झालेल्या मालावर देशाचं नाव छापण्याची सक्ती १८९१ पासून आली, त्यामुळे ‘जर्मनीत छापलेलं’ अशी इंग्रजी ओळ बहुधा त्यानंतरची. अमेरिकन पत्त्यात शहर आणि राज्य यांच्यामधे एक-दोन आकडी क्रमांक असेल तर तो १९४३ नंतरचा, आणि राज्याच्या नावानंतर पाच आकडी क्रमांक असेल तर तो १९६३ नंतरचा. मुखपृष्ठावरच्या हक्कांच्या वर्षावर मात्र फार विसंबू नका. प्रकाशक तेच चित्र नव्या मुखपृष्ठात, नव्या क्रमांकाने, कमी पानांत पुन्हा काढत आणि जुनं साल तसंच ठेवत. पुस्तकाचा क्रमांक आणि पानांची संख्या लिहून ठेवली की दोन आवृत्त्या वेगळ्या करता येतात.

पायरी पाचवी: घरी आल्याची पहिली संध्याकाळ

नवा संच थेट जुन्यांत मिसळू नका. बंद पिशवीत दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा आणि अधूनमधून तळाशी भुकटी, अळ्या, कसर दिसते का बघा. कसरीला डिंक आणि पेज-खळ फार आवडते, म्हणजे चिकटवलेल्या जुन्या बाहुल्या तिची मेजवानीच. जिवंत कीड दिसली तर हवा काढून घट्ट बंद केलेल्या पिशवीत उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दव धरेल.

मग हात धुऊन, कोरडे करून, स्वच्छ पांढऱ्या कागदावर सगळं मांडा. पातळ कागदाला हातमोज्यांपेक्षा स्वच्छ बोटं बरी. मोजे कानांना अडकतात. मोजा, उंची घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. नोंद करा: कुठून आला, तुकडे किती, काय नाही, मागे काय लिहिलंय. बाहुलीवर काहीही लिहू नका, पेन्सिलीनेही नाही. लिहायचं ते बाहेरच्या पाकिटावर, आणि आत काही ठेवण्याआधी. संचासोबत आलेलं जुनं पाकीट फाटकं असलं तरी टाकू नका. नाव, क्रमांक आणि मूळ किंमत त्यावरच असते.

पायरी सहावी: जपणूक

मी एकदा भयंकर चूक केली आहे. सुरुवातीला माझ्याकडे जो एकमेव बरा संच होता, तो मी फोटोंच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये नीट रचून लावला, वर पारदर्शक पदर. काही वर्षांनी काढायला गेले तर पाठी पानालाच राहिल्या आणि हातात चेहऱ्यांची सालं आली. चिकट अल्बम, लॅमिनेशन, सेलोटेप, रबरबँड आणि लोखंडी क्लिपा या पाच गोष्टी तुमच्या संग्रहापासून लांब ठेवा.

ठेवायला पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनची पारदर्शक पाकिटं घ्या. पीव्हीसी नको, नव्या प्लॅस्टिकचा तो उग्र वास आला की समजा. पाकिटात मागे आम्लरहित पुठ्ठा, त्यावर बाहुली, आणि कपडे वेगळ्या पाकिटात, कान उघडून. कान उभे दुमडलेले ठेवले तर घडीवर तुटतात, आणि पुन्हापुन्हा उघडमीट केली तरी तुटतात. म्हणून एकदा हलकेच सपाट करा आणि तसेच राहू द्या.

वर्तमानपत्राचा कागद इतरांपासून वेगळा ठेवा. लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे तो स्वतः पिवळा पडतो आणि त्यातलं आम्ल शेजाऱ्यालाही डागतं. पाकिटं आडवी, आम्लरहित खोक्यात. वर फार वजन नको. जागा थंड, कोरडी, अंधारी. तापमान वीस अंशांच्या आसपास, आर्द्रता ३५ ते ५० टक्के आणि मुख्य म्हणजे चढउतार कमी. माळा आणि तळघर दोन्ही नको. आर्द्रता ६५ च्या वर फार काळ राहिली की बुरशी, आणि कागदावर तांबूस ठिपके.

भिंतीवर लावायचा मोह होतो. हाताने भरलेले रंग प्रकाशात लवकर विटतात आणि विटलेला रंग परत येत नाही. संग्रहालयं अशा कागदासाठी ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) आसपास मंद प्रकाश ठेवतात, तेही थोड्या महिन्यांसाठी. घरी चांगला स्कॅन छापून तो लावा. पाहुण्यांना फरक कळत नाही.

दुरुस्तीबद्दल थोडकंच

मान तुटली असेल तर दोन्ही तुकडे एका पाकिटात शेजारी ठेवा आणि तिथेच थांबा. फारच गरज असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने मागून जोड देता येतो; ही खळ पुढे पाण्याने सोडवता येते, हाच तिचा गुण. पण हाताने रंगवलेल्या बाहुलीला पाण्याचा थेंबही लावू नका. जुनी चिकटपट्टी ओढून काढू नका. आणि आधीच्या मालकिणीने लावलेलं ठिगळ, जर ते कागदाचं आणि इजा न करणारं असेल, तर राहू द्या. पुठ्ठ्याचा तुकडा लावून मानेला टेकू देणारी ती मुलगी या बाहुलीच्या इतिहासात आहेच.

शेवटची पायरी: खेळायचं कसं?

खेळायचं प्रतीशी. ६०० डीपीआयवर स्कॅन करा. झाकण हलकेच टेकवा, दाबू नका, आणि ताव आपोआप ओढून घेणारा स्कॅनर वापरू नका. बाहुली जाड कार्डावर छापा, कपडे साध्या कागदावर. मूळ चित्राचे हक्क कुणाकडे आहेत ते पाहून मगच प्रत घराबाहेर वाटा. हरवलेल्या कपड्याचं चित्र दुसऱ्या कुणाच्या संचातून मिळालं तर प्रत करून आपल्या संचात ठेवायला हरकत नाही, फक्त मागे ‘प्रत’ आणि साल स्पष्ट लिहा, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होणार नाही. इथे लिहायची मुभा आहे, कारण हा कागद तुमचा आहे.

छापलेल्या कपड्याला सर्वात आधी आतल्या फटी कापा: काख आणि कमरेतली जागा, छत्रीच्या मुठीची गोलाई. भोवताली कागद शाबूत असेपर्यंत हात स्थिर राहतो. मग बाहेरची रेघ. कात्री जागच्या जागी चालू द्या, कागद फिरवा. कान सर्वात शेवटी, आणि छापले आहेत त्यापेक्षा थोडे लांब ठेवून. आखूड कान टिकत नाहीत, लांब कान नंतर कधीही छाटता येतात.